मांजरांना पंगत मानवत नाही

मोडनिंबच्या आसपास जुन्या धाब्याच्या घरात मांजर सहसा एकटं नसतं. हा ज्वारीचा पट्टा. मालदांडी ३५-१ हे नावाजलेलं वाण शेजारच्या मोहोळच्या संशोधन केंद्रातलं. ज्वारीची पोती आली की उंदीर येतात आणि उंदरांमागे मांजर. भाटी परसात व्याते, एखाददुसरं पिल्लू घरातच राहतं आणि बघता बघता चुलीपुढे चार-पाच जणांचं बिऱ्हाड होतं. मग सकाळी दुधात भाकरी कुस्करून एकच परळ सगळ्यांपुढे सरकवला जातो. गुरगुर सुरू होते ती तिथे.

घरातली माणसं म्हणतात, मांजरं हावरट. हावरटपणाचा इथे फारसा संबंध नाही. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर, फेलिस लिबिका. ते एकटं शिकार करतं आणि एकटंच खातं. एका उंदरातून साधारण ३० किलोकॅलरी मिळतात आणि चार किलोच्या मांजराला दिवसाला दोनशेच्या वर लागतात, म्हणजे दिवसभरात सात-आठ छोटी जेवणं. लांडगे मोठं सावज मिळून पाडतात आणि एकत्र खातात. उंदीर वाटून खाण्याजोगा नसतोच. धान्याभोवती मांजरं कळपाने राहायला शिकली, माय-लेकी एकमेकींची पिल्लंही सांभाळतात, पण जेवणाची जुनी सवय गेली नाही.

फिस्कारणं, पंजा मारणं आपल्याला दिसतं. खरी दादागिरी मात्र गुपचूप चालते. दांडगा बोका माजघराच्या उंबऱ्यात ऐसपैस पसरतो आणि नुसता टक लावून बघतो. आपल्याला वाटतं, किती शांत बसलाय! बुजरी भाटी मात्र त्या नजरेनेच मागे फिरते. मग ती रात्री सामसूम झाल्यावर खाते, नाहीतर मिळेल ते न चावता गिळते आणि थोड्या वेळात सोप्यावर तसंच्या तसं ओकते. वारंवार ओकणाऱ्या मांजराला डॉक्टरांकडे न्यायचंच, पण ते कुणाच्या शेजारी जेवतं हेही एकदा बघावं.

उपाय सोपा आहे, जागा तेवढी लागते. जितकी मांजरं तितक्या ताटल्या, आणि त्याही एकीवरून दुसरी दिसणार नाही अशा. एक चुलीपाशी, एक परसदारी, बुजरीची कोनाड्यात किंवा फडताळावर. उंचावर तिला सुरक्षित वाटतं. रांगेत चार ताटल्या मांडल्या तर पंगत झाली आणि तंटा कायम राहिला. बोक्याला खोलीत घालून दार लोटलं तरी चालतं. अर्ध्या तासाने उरलंसुरलं उचलायचं, नाहीतर तो चारही ताटल्या फिरून येतो. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं, ठरलेल्या वेळी. पायात घोटाळून म्याव म्याव केल्यावर वाढलं तर ओरडल्याने मिळतं एवढंच ते शिकतं. रागावून, पाणी उडवून काही साधत नाही; जेवणाच्या जागेचीच धास्ती बसते.

शहरात हल्ली खाणं काढायला खटपट करावी लागेल अशी खेळणी मिळतात. भराभर खाणाऱ्याला ती उपयोगी पडतात, पण मांजर त्यावर खूश होईलच असं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२१ मध्ये १७ मांजरांपुढे खेळणं आणि साधं ताट दोन्ही ठेवलं; बहुतेकांनी ताटच पसंत केलं. मांजर पाळणाऱ्या कुणालाही याचं आश्चर्य वाटू नये.

आता त्या दूध-भाकरीविषयी. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण मोठेपणी बहुतेकांना दुधातली साखर नीट पचत नाही. तिचा गोडवाही त्यांना कळत नाही, कारण गोड चव ओळखणारं त्यांचं एक जनुक निकामी आहे. टॉरिन नावाचा घटक तर मांसातूनच मिळतो. तो कमी पडला की मांजराचं हृदय दुबळं होतं, हे १९८७ साली सिद्ध झालं. परड्यात उंदीर मारणारी भाटी आपलं टॉरिन आपण मिळवते, घरात कोंडलेलीला ते आपण द्यायचं. उकडलेलं मांस-मासळी थोडी दिली तर बिनमसाल्याची, कारण कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. रोजच्यासाठी मांजरांचं तयार खाद्य बरं.

वेगळ्या ताटल्यांचा आणखी एक फायदा म्हणजे कोण जेवलं नाही ते त्याच दिवशी कळतं. सामायिक परळात ते लपून जातं. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडलं तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि ते जिवावर बेततं. अशा वेळी आठवडी बाजाराची वाट बघत बसू नये, त्याच दिवशी जनावरांचा दवाखाना गाठावा.