खेळ आणि कॉलेज (लेखांक ६) : तेराव्या वर्षी दिलेला शब्द

गेल्या लेखांकात अमेरिकी कॉलेजांची क्रीडा शिष्यवृत्ती कशी वाटली जाते ते पाहिलं. ती कोणाला द्यायची हे तिथे प्रशिक्षक ठरवतो. किती लहान वयात ठरवतो, ते आज पाहू.

फेब्रुवारी २०१०. लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाचे नवे फुटबॉल प्रशिक्षक लेन किफिन यांनी डेलावेअरच्या डेव्हिड सिल्सला शिष्यवृत्ती देऊ केली. मुलगा तेरा वर्षांचा, इयत्ता सातवी. त्याने होकार दिला आणि देशभर बातमी झाली. कागद कसलाच नव्हता, दोन्हीकडून नुसता शब्द. २०१३च्या सप्टेंबरात, हंगाम ऐन रंगात असताना, विद्यापीठाने किफिन यांना नारळ दिला. मुलगा अजून शाळेतच होता. पुढे सिल्स गेला वेस्ट व्हर्जिनियाला आणि तिथे चमकला तो चेंडू झेलणारा रिसीव्हर म्हणून. सातवीत त्याला हेरलं होतं ते चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक म्हणून!

फुटबॉलमधली अशी प्रकरणं गाजतात. खरा रोग मात्र लॅक्रॉस, मुलींचा सॉकर, सॉफ्टबॉल अशा कमी पैशांच्या खेळांत बळावला होता. पुरुषांच्या लॅक्रॉसमध्ये वरच्या श्रेणीच्या कॉलेजला शिष्यवृत्त्या मिळायच्या १२.६ आणि संघात पोरं चाळीसच्या वर. म्हणजे एकेक शिष्यवृत्ती तुकडे करून वाटायची. मग चांगला खेळाडू दुसऱ्याच्या नजरेत भरण्याआधीच अडकवून ठेवायचा. कोकणात मोहोर बघून आंब्याची बाग घेतात, तसाच हा सौदा. मोहोर गळला तर व्यापारी निदान पैसे तरी घालवून बसतो. इथे प्रशिक्षकाच्या खिशातून छदामही जात नव्हता.

नियम नव्हते असं नाही. ठरलेल्या तारखेआधी प्रशिक्षकाने शाळकरी खेळाडूला फोन करायचा नाही, हे कॉलेज क्रीडा संघटनेच्या, म्हणजे एनसीएएच्या, पुस्तकात होतंच. पण खेळाडूनेच फोन केला तर तो उचलायला हरकत नव्हती. झालं! कॉलेजचा प्रशिक्षक क्लबच्या प्रशिक्षकाला निरोप धाडायचा : त्या नऊ नंबरच्या मुलीला उद्या सात वाजता मला फोन करायला सांगा. मुलगी सातला फोन करणार, आईवडील शेजारी बसून खुणा करणार, आणि नियम शाबूत. कॉलेज बघायला पदरच्या खर्चाने कधीही जाता येत असे. तिथे प्रशिक्षक ‘सहज’ भेटायचा आणि शिष्यवृत्तीचा विषय काढायचा. त्या मुलीची दहावीची गुणपत्रिका अजून जन्मालाही आलेली नसायची.

सुधारणेची मागणी केली ती लॅक्रॉसच्या प्रशिक्षकांच्याच संघटनांनी. याचं नवल वाटायला नको. आठवीतल्या पोरांचे सामने बघत हिंडणं त्यांनाही नकोसं झालं होतं, पण मी थांबलो तर पोरगं शेजारचं कॉलेज उचलणार, ही धास्ती प्रत्येकाला. थांबायचं तर सगळ्यांनी एकदम. एप्रिल २०१७मध्ये नियम आला : अकरावीच्या १ सप्टेंबरपर्यंत भरतीचं बोलणंच बंद. मग फोन प्रशिक्षकाने केलेला असो वा मुलाने. पळवाट बुजली ती या शेवटच्या कलमाने. २०१९पर्यंत बहुतेक खेळांना असाच नियम लागला. दहावी संपल्यावर १५ जूनपासून संपर्क आणि अकरावीआधीच्या १ ऑगस्टपासून कॉलेजभेटी. फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलचं वेळापत्रक वेगळं राहिलं.

माझ्या मते ही सुधारणा खरी, पण अर्धी. वय वाढलं, शब्दाची किंमत आहे तिथेच आहे. तोंडी होकार आजही कोणालाच बांधत नाही. पक्कं करणारा ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ हा करार १९६४पासून चालत आला होता, तोही ऑक्टोबर २०२४मध्ये रद्द होऊन त्याची जागा आर्थिक मदतीच्या लेखी कराराने घेतली.

तोंडी शब्द किती पोकळ, ते गेल्या वर्षी-दोन वर्षांत दिसलं. खेळाडूंना कमाईत वाटा देणाऱ्या ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीने शिष्यवृत्त्यांची मर्यादा काढून संघातल्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घातली. तडजोड मंजूर होण्याआधीच कॉलेजांनी याद्या छाटायला घेतल्या आणि वर्षभरापूर्वी होकार मिळालेल्या बारावीच्या मुलांना ‘जागा नाही’ म्हणून कळवलं गेलं. एव्हाना इतर कॉलेजांचेही संघ भरत आले होते. न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी एप्रिल २०२५मध्ये या मुलांसाठी तडजोड अडवून धरली. जूनमध्ये मंजुरी मिळाली ती अशा मुलांना संख्येतून वगळण्याची मुभा देऊन. मुभा, सक्ती नव्हे! परत घ्यायचं की नाही, हे पुन्हा कॉलेजनेच ठरवायचं.

न्यू जर्सी-कॅलिफोर्नियात ज्यांची मुलं-नातवंडं टेनिस किंवा पोहण्याच्या जोरावर कॉलेजची स्वप्नं बघत आहेत, त्या वाचकांना एवढंच सांगणं : प्रशिक्षकाने शब्द दिला की रक्कम किती, किती वर्षांसाठी, आणि प्रशिक्षक बदलला तर काय, हे तिथल्या तिथे विचारा. लेखी करार हाती येईपर्यंत दुसऱ्या कॉलेजांची दारं लावू नका.

(पुढील लेखांकात : ‘ट्रान्सफर पोर्टल’ आणि शाळकरी खेळाडूंच्या आटत चाललेल्या जागा)