हजारो नोंदींची छाननी

‘आरोग्यसेविका घरोघरी गेल्याने नवजात बाळांचे मृत्यू घटतात का?’ या प्रश्नावर पद्धतशीर आढावा घ्यायचा, तर पबमेड, एम्बेस, कॉक्रेन सेंट्रल अशा अनेक डेटाबेसमध्ये शोध घ्यावा लागतो. काही निसटू नये म्हणून शोध मुद्दाम ऐसपैस ठेवतात. त्यामुळे हजारो नोंदी हाती येतात आणि त्यांतल्या बहुतेक निरुपयोगी असतात.

कोणत्या डेटाबेसमधून, कोणत्या तारखेला, किती नोंदी मिळाल्या हे आधी लिहून ठेवावं. नोंदी आरआयएस फाइलमध्ये उतरवून झोटेरो किंवा एंडनोटसारख्या संदर्भ-सॉफ्टवेअरमध्ये एकत्र कराव्यात. मूळ फाइलींना हात लावू नये.

मग दुबार नोंदी काढायच्या. सॉफ्टवेअर डीओआय (लेखाचा ओळख क्रमांक), शीर्षक, वर्ष ताडून पाहतं. तरी नियतकालिकाचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे संक्षिप्त असलं, की ते फसू शकतं. संशयित जोड्या स्वतः तपासाव्यात. एकाच अभ्यासावरचे वेगवेगळे लेख मात्र दुबार समजू नयेत. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचा गडचिरोलीतला अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, २००५ साली ‘जर्नल ऑफ पेरिनेटॉलॉजी’च्या पुरवणीत त्यावर आणखी लेख आले. असे लेख एकाच अभ्यासाखाली जोडायचे, नाहीतर तीच बाळं दोनदा मोजली जातील.

छाननी रेयान किंवा कोव्हिडन्ससारख्या सॉफ्टवेअरवर करता येते. दोघं जण एकमेकांचा कौल न पाहता शीर्षक आणि सारांश वाचतात. शंका असेल ती नोंद पुढे जाऊ द्यायची. मतभेद चर्चेने मिटवायचे, नाहीतर तिसऱ्याला विचारायचं. उरलेले लेख पूर्ण वाचायचे आणि वगळलेल्या प्रत्येकापुढे कारण लिहायचं.

कोणते अभ्यास घ्यायचे याचे निकष मात्र शोधाआधीच ठरवून ‘प्रॉस्पेरो’ या आढाव्यांच्या नोंदवहीत नोंदवलेले बरे. गडचिरोलीत कोणत्या गावांत सेवा द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं. फक्त यादृच्छिक चाचण्या घ्यायच्या असा निकष असेल, तर इतका गाजलेला अभ्यासही बाहेर राहतो. निकाल पाहून निकष बदलले, तर हवं तेच उत्तर काढता येईल.

शेवटी आढावे कसे मांडावेत हे सांगणाऱ्या प्रिझ्मा २०२० च्या आकृतीत सगळा हिशेब मांडतात: किती नोंदी मिळाल्या, दुबार किती, कितींचा पूर्ण लेख मिळालाच नाही, कोणत्या कारणाने किती गळाले. कुठलाही आढावा वाचताना आधी ही आकृती पाहा. तिथली वजाबाकी जुळत नसेल, तर निष्कर्षावर विसंबू नका.