उत्तर कोणाकडे मागावयाचे?

चौथी अखिल भारतीय प्रतोद परिषद १९६२ साली मुंबईत भरली होती. सभागृहात आपापल्या पक्षाची शिस्त राखणाऱ्या या मंडळींनी तेथे एक वेगळीच शिफारस केली. संसदेचे कामकाज शाळकरी मुलांना केवळ पुस्तकातून न शिकविता त्यांच्याकडून अभिरूप सभागृह चालवून घ्यावे, अशी ती शिफारस होती. तीस अनुसरून १९६६ मध्ये दिल्लीतील शाळांत युवा संसद स्पर्धेस प्रारंभ झाला. कालांतराने ही योजना केंद्रीय विद्यालयांत आणि १९९७-९८ पासून नवोदय विद्यालयांत पोहोचली.

नवोदय विद्यालयांशी वऱ्हाडचे नाते जुने आहे. १९८५-८६ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर देशात जी पहिली दोन विद्यालये निघाली, त्यांपैकी एक हरयाणातील झज्जरचे व दुसरे अमरावतीचे. आज अकोला जिल्ह्यातही असे विद्यालय आहे. येथील बहुसंख्य विद्यार्थी खेड्यांतून येतात, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

युवा संसदेची बैठक पाऊण-एक तासाची असते. सुमारे पन्नास विद्यार्थी तीत भाग घेतात. कोणी अध्यक्ष होतो, कोणी मंत्री, कोणी विरोधी पक्षनेता. शपथविधी, शोकप्रस्ताव, प्रश्नोत्तरे, लक्षवेधी सूचना, विधेयकावरील चर्चा आणि आवाजी मतदान असा साधारण क्रम असतो. पाहुण्यांच्या टाळ्या बहुधा विधेयकावरील भाषणांना पडतात. परंतु खरे शिक्षण होते ते प्रश्नोत्तरांच्या तासात.

दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या तालुक्यांतून पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा गेला आहे. विहिरीला पाणी लागते, पण ते घशाखाली उतरत नाही, हा अनुभव तेथील मुलांना नवा नाही. अशा गावचा एखादा विद्यार्थी साहजिकच पाण्याचा प्रश्न लिहून आणील. येथे पहिली अडचण उभी राहते. राज्यघटनेनुसार पाणीपुरवठा हा राज्यसूचीतील विषय. मग लोकसभेच्या धर्तीवरील सभागृहात तो कसा विचारावयाचा? २०१९ मध्ये सुरू झालेले जल जीवन मिशन केंद्राचे असल्याने त्यातील निधीविषयी तेथे विचारता येईल. वान किंवा शहानूर धरणाच्या पाण्याचे वाटप मात्र विधानसभेत विचारण्याची बाब. आणि गावची नळयोजना जिल्हा परिषदेकडे असेल, तर त्याच दारी जावे लागेल. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कार्यरत आहेत. तरीही आपल्या नळाचा जाब कोणाला विचारावयाचा, हे पुष्कळ मतदारांना नेमके सांगता येत नाही.

दुसरी अडचण शब्दांची. लोकसभेच्या नियमांनुसार प्रश्नात युक्तिवाद, उपरोध वा बदनामीकारक विधान चालत नाही. ‘सरकार झोपले आहे काय?’ हा प्रश्न सभेत गाजेल, पण नियमात बसणार नाही. संतापाचे रूपांतर विचारता येण्याजोग्या वाक्यात करणे ही मोठ्यांनाही न साधणारी कला आहे.

मंत्री झालेल्या मुलाकडे ‘बाब विचाराधीन आहे’ हे तयार उत्तर असतेच. ते कोठून उचलले, हे सांगण्याची आवश्यकता नाही! पण लगेच पूरक प्रश्न येतो : किती दिवसांपासून? हा पूरक प्रश्नाचा हक्क १९०९ च्या कायद्याने, तोही मर्यादित स्वरूपात, प्रथम मिळाला. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे पुढे दिल्लीच्या राज्य परिषदेत बसले, तेव्हाही सरकार सभागृहाला जबाबदार नव्हते. प्रश्न विचारणे एवढेच हाती होते, आणि ते त्यांच्या पिढीने नेटाने केले.

स्पर्धेमुळे या उपक्रमात एक वैगुण्य शिरते. पारितोषिकाच्या ओढीने प्रश्न, उत्तरे आणि पूरक प्रश्नसुद्धा शिक्षक लिहून देतात, मुले ते पाठ करतात आणि संसदेचे नाटक होते. मुख्य प्रश्न लिहिलेले असावेत. पूरक प्रश्न तरी मोकळे ठेवावेत. मंत्री अडखळला तर अडखळू द्यावा. ‘माहिती घेऊन सभागृहास सादर करीन’ असे म्हणण्याची मुभा खऱ्या मंत्र्यासही असतेच. फक्त ती माहिती पुढच्या आठवड्यात वर्गात खरोखर सादर झाली पाहिजे. त्यासाठी पंचायत समितीच्या कचेरीत एक फेरी मारावी लागली, तर तीही उपयोगाचीच.

२६ नोव्हेंबर २०१९ रोजी, संविधान दिनी, या योजनेचे संकेतस्थळ सुरू झाले. तेव्हापासून निवडक विद्यालयांपुरती असलेली ही योजना सर्व मान्यताप्राप्त शाळांस खुली झाली आहे. दर्यापूर वा अकोट तालुक्यातील शाळेला त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. वर्गखोली, बाके आणि घंटा एवढ्या साहित्यावर सभागृह भरते. दहावीत अशा बाकावर बसलेला मुलगा किंवा मुलगी दोन-तीन वर्षांत मतदार होते, कारण १९८९ पासून मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले आहे.