काडतुसाची चरबी व ठासणीच्या बंदुकीची गोळी

१८५७ सालच्या कागदपत्रांत काडतुसांचा उल्लेख वारंवार येतो. १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास' या ग्रंथांतहि ती हकीकत आली आहे. चरबी कोणत्या जनावराची, याचा ऊहापोह पुष्कळ झाला. परंतु काडतुसास ती मुळांत लागली कां, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. त्याचें उत्तर गोळीच्या मापांत आहे व तें येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ठासणीच्या बंदुकींत दारू व गोळी तोंडाकडून घालून गजानें ठासावयाची असते. काळी दारू जळाली म्हणजे तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपानें उरतो व त्याचें कीट नळींत बसतें. म्हणून गुळगुळीत नळीच्या बंदुकीस गोळी बरीच लहान घेत. ब्राउन बेस बंदुकीची नळी सुमारें ०.७५ इंच, तर गोळी सुमारें ०.६९ इंच असे. ती सुखानें आंत उतरे, पण नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे; नेम दूरवर साधत नसे. तिला चरबीची गरज नव्हती.

पेचदार नळीची गोष्ट निराळी. गोळीनें खांचा घट्ट धरल्याखेरीज तिला फिरकी मिळत नाहीं. गोळी भरतांना सैल व सुटतांना घट्ट हवी, ही खरी अडचण. १८०० च्या सुमाराच्या बेकर रायफलींत गोळी तेलकट चिंधींत गुंडाळून ठाशीत. १८३७ च्या ब्रन्स्विक रायफलीस दोन खांचा व गोळीस त्यांत बसणारा पट्टा होता. पण कीट सांचतांच ठासणें दुष्कर होई.

१८४९ सालीं फ्रेंच अधिकारी मिनिए यानें तळाशीं पोकळ अशी लांबट गोळी पुढें आणली. दारूच्या दाबानें तिचा तळ फुगून खांचा धरी. याच तत्त्वावर १८५३ ची एन्फील्ड रायफल निघाली. तिची नळी ०.५७७ इंच, खांचा तीन, गोळी ०.५६८ इंच व वजनानें ५३० ग्रेन, दारू अडीच ड्रॅम. मोकळीक अवघी ०.००९ इंच! तेवढ्यांत कागदाचें वेष्टणहि मावावयाचें. म्हणून त्यास चरबी व मेण लावणें प्राप्त झालें.

भरण्याची रीत अशी : काडतुसाचें दारूकडील टोक दातांनीं फाडून दारू नळींत ओतावयाची, मग काडतूस उलटें करून चरबीचें टोक तोंडाशीं बसवावयाचें, उरलेला कागद तोडावयाचा व गोळी वेष्टणासह ठासावयाची. म्हणजे दातांत धरण्याचें टोक व चरबीचें टोक हीं भिन्न होतीं. तथापि हाताला चरबी लागण्याचा संभव होताच. तेव्हां शिपायांची शंका केवळ निराधार म्हणतां येत नाहीं.

जानेवारी १८५७ मध्यें दमदम येथें ही शंका प्रकट झाली. शिपायांनीं आपलें वंगण आपणच लावावें, अशी मुभा त्याच महिन्याच्या अखेरीस मिळाली. पुढें काडतूस हातानें फाडण्याची कवाइतहि आली. परंतु २४ एप्रिल रोजीं मेरठ येथें ९० पैकीं ८५ स्वारांनीं जीं काडतुसें नाकारलीं, तीं एन्फील्डचीं नसून जुन्याच पद्धतीचीं होतीं. वस्तु बदलली नव्हती. विश्वास उडाला होता.

नंतर एन्फील्डची गोळी ०.५५ इंच करण्यांत आली व तळाच्या पोकळींत लाकडाची किंवा मातीची गुडदी बसवूं लागले. मोकळीक तिपटीनें वाढली.

तेव्हां जुन्या कागदांत 'काडतूस' शब्द आढळल्यास तो कोणत्या बंदुकीचा, हें संशोधकांनीं आधीं पाहावें. संग्रहांतील गोळीचा आकार, तळ, व्यास व वजन हीं टिपून ठेवणेंहि तितकेंच अगत्याचें आहे. शब्द एकच असला तरी वस्तु दोन होत्या, आणि त्यांची गल्लत झाल्यास मेरठच्या नकाराचा अर्थच चुकतो.