भीती टॉवरची, फोन मात्र कानाशी

आमच्या हदगावच्या बाजारात मोबाईल टॉवरचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, टॉवरजवळ राहिले की कॅन्सर होतो. दुसरा म्हणतो, या सर्व अफवा आहेत. आणि वाद घालणाऱ्या दोघांचेही फोन दिवसातून दोन-तीन तास कानाला लागलेले असतात. धंदा आता फोनवरच चालतो. सुरतेचा भाव, भिवंडीची गाडी, उधारीचा तगादा, सर्व काही फोनवर. तेव्हा या लहरींचा हिशेब व्यापारी व कारागीर बांधवांनी एकदा नीट समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

फोन म्हणजे एक लहानसे रेडिओ स्टेशनच होय. बोलताना तो टॉवरकडे लहरी फेकतो आणि त्यांतील काही भाग आपले डोके व हात शोषून घेतात. या लहरी एक्स-रेच्या जातीच्या नाहीत. एक्स-रे शरीरातील रेणू तोडू शकतो, मोबाईलच्या लहरींत तेवढा जोर नसतो. त्यांचा पक्का सिद्ध झालेला परिणाम म्हणजे किंचित उष्णता. ही ऊर्जा शरीरात किती जाते, ते मोजण्याच्या मापास 'सार' म्हणतात. आपल्या सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून फोनसाठी किलोमागे १.६ वॅट ही मर्यादा ठरवली. आपल्या फोनचा आकडा पाहायचा असेल तर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबावे. बहुतेक फोनवर तो दिसतो. मात्र हा आकडा प्रयोगशाळेत फोन पूर्ण जोरावर चालवून काढलेला असतो. ०.८ चा फोन १.१ च्या फोनपेक्षा रोजच्या वापरात चांगलाच ठरेल, असे नाही.

आता कॅन्सरचे. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. गिरीश कुमार यांनी डिसेंबर २०१० मध्ये टॉवरच्या लहरींविषयी दूरसंचार विभागाला अहवाल दिला, आणि महाराष्ट्रात या चर्चेला जोर आला. मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरी 'कदाचित कर्करोगकारक' या गटात घातल्या. याचा अर्थ पुरावा अपुरा, पण शंका शिल्लक. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत. पुढे २०२४ मध्ये त्याच संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाईल वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही. म्हणजे घाबरण्याचे कारण नाही. तरीही फुकटात खबरदारी घेता येत असेल तर ती का सोडावी?

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अंतराची. अंतर दुप्पट झाले की लहरींचा जोर चौथाईवर येतो. टॉवर कितीही मोठा असला तरी तो दूर असतो, फोन कानाला चिकटलेला असतो. म्हणून बोलणाऱ्याच्या अंगात जाणाऱ्या लहरी मुख्यतः त्याच्या स्वतःच्या फोनच्याच असतात. दुसरी गोष्ट सिग्नलची, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. भरबाजारात जवळच्या माणसाशी आपण हळू बोलतो, दूरच्याला ओरडून हाक मारतो. फोनचेही तसेच. टॉवर जवळ असेल तर तो हळू बोलतो, दूर असेल तर जोर लावतो. जुन्या टू-जी फोनचा जोर तर दोन वॅटपर्यंत चढत असे. फोर-जी फोनचा साधारण ०.२ वॅटपर्यंत जातो. टॉवर गावाबाहेर घालवा म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा.

आपली दुकाने पाहा. वर पत्रे, पुढे लोखंडी शटर, माल ठेवायला तळघर. अशा जागी एकच काडी दिसत असेल तर लांब बोलणे बाहेर ओट्यावर येऊन करावे. पैनगंगेकडच्या खेड्यांत वसुलीला जाल तेव्हाही तेच. कापड मोजताना फोन मान-खांद्यात दाबून बोलण्याची आपल्यातील सवय सर्वांत वाईट; त्यापेक्षा फोन गल्ल्यावर ठेवून स्पीकर लावावा किंवा तारेचा इअरफोन वापरावा. गिऱ्हाइकासमोर भाव बोलायचा नसेल तर संदेश पाठवावा. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे, त्यांनी फोन वरच्या खिशात ठेवू नये, सहा इंच तरी दूर ठेवावा.

फोनच्या मागे चिकटवायचे 'रेडिएशन रोधक' स्टिकर विकायला येतात. त्यावर पैसा घालू नये. लहरी रोखल्याच तर सिग्नल पडेल आणि फोन आणखी जोर लावील.

सिद्ध झालेला मोठा धोका मात्र लहरींचा नाहीच. गाडी चालवताना फोनवर बोलणाऱ्यास अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि कानात इअरफोन घातल्याने तो फारसा कमी होत नाही. नांदेडहून माल घेऊन येताना फोन वाजला तर गाडी बाजूला घ्यावी.

इतके करूनही शेजारच्या टॉवरची शंका जात नसेल, तर वाद घालण्यापेक्षा मोजणी करून घ्यावी. टॉवरच्या लहरींची मर्यादा सरकारने २०१२ मध्येच आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली होती. २०१७ मध्ये दूरसंचार विभागाने 'तरंग संचार' ही सोय सुरू केली. चार हजार रुपये शुल्क भरून अर्ज केला की जागेवर मोजणी, अशी ती योजना. चार-पाच शेजाऱ्यांनी वर्गणी केली तर एकावर भार पडत नाही.