शेजाऱ्याला चालेल असा नाताळचा केक

मार्गशीर्ष सरत आला, की बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात येळवशीचे वेध लागतात. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या बाजूचा शेतकरी त्या अमावास्येला आप्तेष्टांना व शेजाऱ्यांना शेतावर बोलावतो आणि कडब्याच्या कोपीपाशी भज्जी व आंबील आग्रहाने वाढतो. ही अमावास्या कधी नाताळाच्या आधी येते, कधी नंतर. १९५६ साली हे जिल्हे जुन्या हैदराबाद राज्यातून आजच्या कर्नाटकात आले. राज्य बदलले, तरी मराठी, कन्नड व उर्दू एकाच गल्लीत नांदण्याचे थांबले नाही. ज्यांच्या शेतावर आपण जेवलो, त्यांच्या घरी नाताळचे ताट जावे, हे ओघानेच आले. परंतु त्या ताटातील केक शेजाऱ्याला खाता येतो काय, याचा विचार आपण करतो का?

सुक्या मेव्याच्या रूढ केकमध्ये अंडी असतात व मेवा रममध्ये भिजवलेला असतो. आपल्या लिंगायत शेजाऱ्यांना अंडे चालत नाही. मुसलमान शेजाऱ्यांना मद्य वर्ज्य आहे. भट्टीत सारे मद्य उडून जाते ही समजूत खरी नव्हे. काही अंश मागे राहतोच. ताट मानाने स्वीकारून ते कोणी न खाता बाजूला ठेवावे, यात त्यांचा दोष नाही; अविचार आपला आहे. म्हणून गृहिणींना आमची सूचना अशी, की केक दोन करावेत: एक टिकवण्याचा, दुसरा वाटण्याचा.

टिकवण्याच्या केकसाठी आगमनकाळ सुरू होण्यापूर्वीच तयारी करावी. काळ्या मनुका, बेदाणे, खजूर, कोहळ्याचा पेठा व संत्र्याची साल मिळून ५०० ग्रॅम मेवा बारीक चिरून काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत १५० मिलिलिटर रममध्ये भिजवावा. धातूचे भांडे वापरू नये. केक करतेवेळी १०० ग्रॅम साखर मंद आचेवर गडद तपकिरी होईपर्यंत जाळावी व हात दूर ठेवून तीत अर्धी वाटी गरम पाणी घालावे, कारण पाक उसळतो. हा पाक पूर्ण निववावा. लोणी व साखर प्रत्येकी २२५ ग्रॅम फेसून त्यात चार अंडी एकेक करून घालावीत. मग २५० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा बेकिंग पावडर, दालचिनी, जायफळ, पाक व मेवा मिसळावा. मेव्याला थोडा मैदा चोळला तर तो तळाशी बसत नाही. १५० अंश सेल्सियसवर सुमारे दोन ते अडीच तास भाजावे. घरी ओव्हन नसेल तर बेकरीवाल्यास विनवावे. पाव निघाल्यानंतर भट्टीची उतरती ऊब या केकला मानवते.

वाटण्याच्या केकसाठी २०० ग्रॅम मेवा संत्र्याच्या रसात एक रात्र, शक्यतो फ्रीजमध्ये भिजवावा. २५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम वितळलेले लोणी, मसाला व जळक्या साखरेचा थोडा पाक घ्यावा. अंड्याऐवजी २०० ग्रॅम दह्यात एक लहान चमचा खाण्याचा सोडा फेसावा व मिश्रण होताच भट्टीत घालावे. हा केक तासाभरात होतो.

साठवणीचे मर्म ओलाव्यात आहे. साखर व सुका मेवा पाणी धरून ठेवतात, मद्य बुरशीला अडवते. म्हणून पहिला केक टिकतो. तो पूर्ण निवल्यावर प्रथम लोणी-कागदात व मगच ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळावा, कारण फळांची आंबटाई त्या धातूला खाते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून आठवड्यातून एकदा दोन चमचे रम शिंपडावी. आपल्याकडचे डिसेंबरचे कोरडे, गार दिवस यास अनुकूल आहेत. असा केक दोन महिने सहज राहतो. मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या परातीत विटेवर ठेवावा. दुसऱ्या केकवर मात्र रस शिंपडण्याचा मोह टाळावा. त्याने बुरशीला आमंत्रणच मिळते. तो नाताळच्या आदल्या दिवशी करावा व तीन-चार दिवसांत संपवावा. कोणत्याही केकवर बुरशी दिसली तर तेवढा भाग कापून बाकीचा खाऊ नये; सबंध केक टाकून द्यावा.

दोन्ही केकसाठी साचे, सुऱ्या व डबे निराळे ठेवावेत. आणि ताट देताना, न विचारताच, सांगावे: "काकू, यात अंडे नाही, दारूही नाही." एवढ्या एका वाक्याने शेजारीण निश्चिंत मनाने तुकडा तोंडात घालते. टिकवलेला केक पुण्याहून वा हैदराबादेहून उशिरा घरी येणाऱ्या लेकरासाठी डब्यात वाट पाहत राहील. वाटलेला केक त्याच दिवशी संपेल. संपलेले ताट रिकामे परत येत नाही, हे आपल्या गल्लीतील प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे.