कोजागिरीचा अर्धा पेला

मंडळाच्या कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध उकळायला लागलं की मी बरीच वर्षं हळूच जिन्याकडे सरकायचो. कारण कोणीतरी काकू हमखास पेला पुढे करायच्या आणि "नको" म्हटलं की विचारायच्या, "का रे, डाएट करतोयस?" खरं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. दूध प्यायलं की तासा-दोन तासांत माझं पोट फुगायचं, गुरगुरायचं आणि मग घर गाठावं लागायचं.

आमच्या बडोद्याच्या घरी झोपताना पेलाभर म्हशीचं दूध हा नियम होता. आजी समोर उभी राहून पाजायची. त्यात शाळेची सहल आणंदला. इथून जेमतेम चाळीस किलोमीटर. 1946 साली त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने तिथे शेतकऱ्यांचा दूध संघ उभा राहिला, पुढे डॉ. कुरियन आले, म्हशीच्या दुधाची पावडर करून दाखवली गेली, हे सगळं आम्हाला पाठ. अशा गावात वाढलेल्या मुलाने दूध पचत नाही म्हणायचं म्हणजे जरा लाजच वाटायची.

नोकरीला लागल्यावर आजीचा पहारा सुटला. तिशी ओलांडल्यावर एकदा रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर व्हिडिओ पाहत बसलो. "माणूस सोडून कुठलाही प्राणी मोठेपणी दूध पीत नाही," हे वाक्य ऐकलं आणि मला एकदम पटलं. दुसऱ्या दिवसापासून दूध बंद. नुसतं दूध नाही, तर दही, ताक, पनीर, सगळंच. चहाही काळा. पोट खरंच शांत झालं. मी ऑफिसात चार लोकांना हेच करायचा सल्लासुद्धा दिला.

अडीच वर्षांनी पायांना मुंग्या यायला लागल्या. आधी वाटलं, दिवसभर खुर्चीत बसून होत असेल. मग जिना चढताना दम, सतत थकवा, आणि सोप्या कामात विसराळूपणा. बायकोने हट्टाने डॉक्टरांकडे नेलं. रक्ताच्या तपासणीत बी-12 फारच कमी निघालं. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "तुम्ही शाकाहारी. अंडं नाही, दूध नाही, दही नाही. मग बी-12 येणार कुठून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. हे जीवनसत्त्व भाज्या-डाळींतून मिळत नाही. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून दूध सोडल्यावर लगेच काहीच कळलं नव्हतं. इंजेक्शनं घ्यावी लागली. मुंग्या जायला बरेच महिने लागले आणि उजव्या पायाचा अंगठा अजूनही कधीकधी बधिर होतो.

त्यानंतर मात्र मी हा विषय नीट समजून घेतला. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर लागतं. बाळपणी ते भरपूर असतं, आणि मोठेपणी जगातल्या साधारण दोन-तृतीयांश लोकांत कमी होतं. म्हणजे कमी होणं हाच मूळ नियम आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर ते डीफॉल्ट सेटिंग आहे. काही हजार वर्षांपूर्वी गुरं पाळणाऱ्या समाजांत एक जनुकीय बदल पसरला आणि त्यांच्यात हे विकर आयुष्यभर टिकलं. भारतात वायव्येकडे असे लोक जास्त आढळतात, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. तेव्हा व्हिडिओतलं वाक्य अर्धवट होतं. मोठेपणी दूध पचणारी माणसं आहेतच. मी त्यांच्यातला नाही, एवढंच.

पण मी त्यांच्यातला नाही म्हणून दुधाचा थेंबही चालत नाही, असंही नाही. पेलाभर, म्हणजे 200 मिली दुधात नऊ-दहा ग्रॅम लॅक्टोज असतं. ज्यांना त्रास होतो त्यांच्यातल्याही बहुतेकांना एका वेळी सुमारे बारा ग्रॅमपर्यंत फारसं काही जाणवत नाही, विशेषतः जेवणासोबत घेतलं तर. रिकाम्या पोटी गटागट प्यायलेलं जास्त बाधतं. विरजण लावल्यावर जिवाणू काही लॅक्टोज खाऊन टाकतात आणि उरलेलं पचवायलाही मदत करतात, म्हणून दही-ताक सोसतं. चक्का टांगला की बरंच लॅक्टोज पाण्याबरोबर निघून जातं. (श्रीखंडात आपण वर साखर घालतो, ती गोष्ट वेगळी!) तुपात ते जवळजवळ नसतंच. उलट बासुंदी आणि खव्याचे पेढे म्हणजे आटवलेलं दूध, तिथे सांभाळून.

मग मोठ्यांनी दूध घ्यावं का? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांत रोजच्या ताटात 300 मिली दूध किंवा दही धरलेलं आहे. त्यातलं "किंवा दही" मला महत्त्वाचं वाटतं. शाकाहारी घरात दुधाच्या पदार्थांतून प्रथिनं, कॅल्शियम आणि बी-12 एकत्र मिळतं. कॅल्शियमला दुसऱ्या वाटा आहेत. पेलाभर दुधात साधारण 240 मिलिग्रॅम असतं, तर 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, आणि तिळात तर कितीतरी जास्त. शिवाय नुसतं दूध पिऊन हाडं टिकत नाहीत. ऊन आणि चालणंही लागतं. बी-12 ची वाट मात्र शाकाहाऱ्याला अरुंद आहे.

गायी-म्हशींच्या विचाराने कोणी दूध सोडत असेल, तर तो निर्णय मी समजू शकतो. पण मग बी-12 ची गोळी किंवा ते मुद्दाम घातलेले पदार्थ घ्यायलाच हवेत आणि अधूनमधून तपासणी करायला हवी. दुकानातलं बदामाचं दूध बहुतांश पाणीच असतं, प्रथिनं नाममात्र. सोयाचं त्या मानाने बरं. आणि आपल्याला खरंच दुधाचाच त्रास आहे का, हे आधी बघा. दोन आठवडे दूध बंद ठेवून पुन्हा थोडं सुरू केलं की बराच अंदाज येतो. त्रास जास्त असेल तर डॉक्टरांना विचारा. दुधाची ॲलर्जी हा वेगळा प्रकार आहे, तिथे असले प्रयोग करू नयेत.

आता मी चहात दूध घेतो, दुपारी वाटीभर दही आणि रात्री ताक. घरात पिशवी टोन्ड दुधाची येते. त्यात स्निग्धांश 3 टक्के, फुल क्रीममध्ये 6. बसून काम करणाऱ्याला तेवढं पुरतं. पायाची गोष्ट आजीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "अरे, दूध नको होतं तर तसं सांगायचंस. ताक सोडायला कोणी सांगितलं होतं तुला?" तिला लॅक्टेज ठाऊक नाही, पण ती रोज ताक पिते.

माझी सहा वर्षांची मुलगी विचारते, "बाबा, तू पेला पीत नाहीस, मग मी का?" मी तिला सांगतो, "तुझं पोट दुखलं तर लगेच सांग, रागावणार नाही." अजून तरी तिचं दुखलेलं नाही.

गेल्या कोजागिरीला मी जिन्याकडे गेलो नाही. भेळ खाऊन झाल्यावर काकूंकडून अर्धा पेला मागून घेतला आणि अर्धाच का, तेही मोकळेपणाने सांगितलं. ते ऐकून शेजारचे दोघं हळूच म्हणाले, "अरे, आमचंही तसंच आहे!"